सर्व्हरवरची सर्टिफिकेट्स आणि ‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेज: नागपूरच्या ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही नागपुरातल्या लहान ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो: दवाखाने, कोचिंग क्लासेस, एक-दोन पतसंस्था, कळमन्यातले संत्र्याचे व्यापारी. सर्टिफिकेटबद्दल सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवले. उत्तरं उबुंटू आणि डेबियन धरून आहेत. रेड हॅटच्या घराण्यात फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि फोल्डरची नावं फोनवर सांगतो तशीच देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग, आणि तेही लहान अक्षरांत.

सर्व्हरवर सर्टिफिकेट्स नेमकी कुठली कुठली असतात?

दोन खिसे समजा. एका खिशात सर्व्हरचं स्वतःचं ओळखपत्र. तुमच्या साइटवर कोणी आलं की सर्व्हर ते काढून दाखवतो. दुसऱ्या खिशात यादी असते: कोणाकोणाचा शिक्का असलेलं ओळखपत्र आपण खरं मानायचं. तुमचा सर्व्हर स्वतः बाहेर कुठे जातो, म्हणजे एसएमएस कंपनीकडे, पेमेंट गेटवेकडे किंवा बॅकअपच्या जागी, तेव्हा समोरच्याचं ओळखपत्र या यादीशी ताडून बघतो.

पहिला खिसा बहुतेकांकडे ‘सर्टबॉट’ नावाचा, सर्टिफिकेट आणून वेळेवर नवं करणारा प्रोग्राम सांभाळतो. दुसरा ‘सीए-सर्टिफिकेट्स’ नावाचं पॅकेज. पहिला खिसा सगळ्यांना माहीत असतो, कारण तो रिकामा झाला की ब्राउझर भली मोठी सूचना दाखवतो आणि अर्ध्या तासात मालकाचा फोन येतो. दुसरा फाटला तर कोणी बोंब मारत नाही. पावती निघत नाही, एसएमएस जात नाही, रात्रीचा बॅकअप अडकतो, आणि माणूस एसएमएसवाल्याशी भांडत बसतो.

‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेजमध्ये असतं तरी काय?

साध्या मजकुराच्या फाइली, बस. एकेक फाइल म्हणजे ओळखपत्रांवर शिक्का मारणाऱ्या एकेका प्रमाणन संस्थेचं (तीच ‘सीए’) मूळ, म्हणजे रूट सर्टिफिकेट. यादी मोझिलाची आहे, फायरफॉक्स बनवणाऱ्यांची. जगातल्या शंभराहून जास्त रूट त्यात आहेत; आपल्या बंगळुरूच्या ई-मुद्रा कंपनीची ‘एमसाइन’ नावाची रूटही आहेत. उघडून बघायचं असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘एसएसएल’च्या आतला ‘सर्ट्स’ फोल्डर बघा.

मूळ फाइली ‘यूएसआर शेअर सीए-सर्टिफिकेट्स’मध्ये बसतात. ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ ही कमांड त्या एकत्र करून एकच मोठी फाइल बनवते आणि ‘सर्ट्स’मध्ये ठेवते. कर्ल, डब्ल्यूगेट, पीएचपी वगैरे सर्व्हरवरून बाहेर जाणारी मंडळी बहुतेक वेळा तीच वाचतात. तुमची कुठलीही गुप्त किल्ली या पॅकेजमध्ये नसते. ती वेगळी, आणि तिचं पुढे येईलच.

यादी बदलत का राहते, असं एका क्लासच्या सरांनी विचारलं होतं. विश्वास तुटतो म्हणून. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली आणि तिच्या नावाने गुगलचं खोटं सर्टिफिकेट निघालं. ब्राउझरवाल्यांनी तिचं रूट उपटून टाकलं, कंपनी त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. ज्या सर्व्हरने त्यानंतर पॅकेज अपडेट केलं नाही, तो मात्र त्या शिक्क्याला सलाम करतच राहिला.

साइट तर मस्त उघडते भाऊ, मग एसएमएस काहून जात नाही?

हाच तो दुसरा खिसा. आमच्याकडचा नमुना सांगतो, कारण त्या एका संध्याकाळी आम्ही जेवढं शिकलो तेवढं पुस्तकातून शिकलो नसतो.

३० सप्टेंबर २०२१. ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ नावाच्या जुन्या रूटची मुदत त्या दिवशी ग्रीनिच वेळेप्रमाणे १४ वाजून १ मिनिटाने संपली, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेट्स तोवर या जुन्या रूटच्या आधारानेही ओळखली जात. त्यांचं स्वतःचं ‘आयएसआरजी रूट एक्स१’ नवीन होतं आणि ते २०३५ पर्यंत चालणार होतं. सगळं ठरल्याप्रमाणे होतं, तारीख कित्येक वर्षांपासून माहीत होती.

पण सर्टिफिकेट ताडून बघणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या १.०.२ या जुन्या आवृत्तीला दोन वाटा दिसल्या की ती हट्टाने जुन्या रूटकडे जाणारीच वाट धरायची. वाट बंद दिसली की मागे फिरून दुसरी बघायची नाही. आमच्या एका ग्राहकाकडे रेड हॅटच्या घराण्यातलं सेंटओएस ७ होतं. पावणेआठला त्यांची ऑनलाइन फी भरणं अडलं. साइट लॅपटॉपवर उघडत होती, हिरवं कुलूप होतं, आतून मात्र सर्व्हर कुठल्याही लेट्स एन्क्रिप्टवाल्या पत्त्यावर गेला की ‘सर्टिफिकेटची मुदत संपली’. आम्ही तासभर आमचंच सर्टिफिकेट तपासत बसलो. ते ठणठणीत होतं! मुदत समोरच्याचीही संपलेली नव्हती. संपलेलं होतं ते आमच्या यादीत पडून राहिलेलं एक रूट.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. ‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेज अपडेट केलं, त्यात ते मेलेलं रूट काढलेलं होतं, जुन्या ओपनएसएसएलला एकच वाट उरली आणि ती बरोबर होती. पॅकेज गेली दोन वर्षं कुणी अपडेट केलं नव्हतं. कुणी म्हणजे आम्हीच.

तेव्हा साइट उघडते पण सर्व्हरवरून बाहेर जाणारं काही अडतं, अशी तक्रार आली की आधी सर्व्हरवर बसून कर्लने त्या पत्त्यावर जाऊन बघा. चूक तिथेच शब्दांत लिहून येते.

मग हे पॅकेज किती वेळा अपडेट करायचं?

वेगळं वेळापत्रक नको. आठवड्याचं ‘एपीटी अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ करता ना, त्यात ते आपोआप येतं. खरी अडचण अपडेट येणंच बंद झालेल्या सर्व्हरची. उबुंटू १६.०४ चा साधा आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. त्या सर्व्हरवर ‘सगळं अद्ययावत आहे’ असं छापून येतं, ते खोटं नसतं. पण घेण्यासारखं काही उरलेलंच नसतं. असे सर्व्हर अजूनही नागपुरात पंख्याखाली गुणगुणत आहेत. यादी हाताने नवी करून टाकता येते, पण तो जुगाड झाला. सर्व्हर बदला.

आणखी एक. डिस्क भरली म्हणून हे पॅकेज काढून टाकलेलं आम्ही पाहिलंय. ते एखाद्या एमबीचंही नसतं मोठं! काढलं की कर्ल, गिट, बाहेरच्या रेपॉझिटरी, सगळ्यांचा विश्वास एकदम उडतो. चुकून निघालंच तर ‘एपीटी इन्स्टॉल’ला ‘रीइन्स्टॉल’ जोडून परत बसवा.

सर्व्हरची यादी बरोबर आहे, कर्ल चालतं, पण आमचं सॉफ्टवेअर अजूनही रडतं. का?

कारण प्रत्येक सॉफ्टवेअर सर्व्हरची यादी वाचतंच असं नाही. काहींची स्वतःची डबी असते.

जावाची ‘सीएसर्ट्स’ नावाची फाइल असते. उबुंटूच्या रेपॉझिटरीतून जावा घेतलं असेल तर ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवलं की तीही आपसूक नवी होते. पण कुणी झिप उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये जावा उघडून ठेवलं असेल, आणि अकाउंटिंगची सॉफ्टवेअरं बसवणारी मंडळी हमखास तेच करतात, तर त्याची डबी त्याच्याच पोटात राहते. सर्व्हरशी तिचा संबंध नाही. पायथनमध्ये पिपने आणलेलं ‘रिक्वेस्ट्स’ आपल्यासोबत ‘सर्टिफाय’ नावाची यादी आणतं. नोडच्या तर बायनरीतच यादी शिवलेली असते. तुमचं वेगळं रूट द्यायचं असेल तर ‘नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावं लागतं.

डॉकरचं, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये बांधून चालवण्याच्या सोयीचं, दुखणं निराळं. कंटेनर म्हणजे वेगळं बिऱ्हाड. तुमच्या सर्व्हरवर यादी ताजी असली तरी कंटेनरमध्ये ती इमेज बनवली त्या दिवसाची असते, आणि काटछाट केलेल्या लहान इमेजमध्ये पॅकेज बऱ्याचदा मुळातच नसतं. डॉकरफाइलमध्ये ते बसवायची एक ओळ टाका आणि इमेज दर महिन्याला नव्याने बनवा.

डेव्हलपर म्हणतो व्हेरिफिकेशन बंद करून टाकू, लगेच चालेल. करू का?

नका करू. चालेल, तेच तर वाईट आहे.

कर्लला ‘वजा के’ लावणं किंवा पीएचपीत ‘व्हेरिफायपीअर’ फॉल्स करणं म्हणजे समोरचा कोण आहे ते न बघता फीचे पैसे हातात देणं. माहिती कुलूपबंदच जाते हो, पण कुलूप कोणाच्या दारचं ते कोणी बघत नाही. एकदा ही ओळ कोडमध्ये शिरली की निघत नाही. ज्याने ‘टेम्पररी’ अशी कॉमेंट टाकून ती लिहिली, तो पुण्याला नोकरी लागून जातो आणि ओळ मागे राहते. नव्या ग्राहकाचा सर्व्हर हातात आला की आम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण कोडमध्ये हा शब्द शोधतो. चक्क सापडतो. आणि त्यामागे बहुतेकदा न अपडेट केलेलं हेच पॅकेज असतं.

आमच्या पतसंस्थेचा अंतर्गत सर्व्हर आहे, बाहेर उघडत नाही. त्याला सर्टिफिकेट कसं?

वाटा दोन. स्वतःच्या मालकीचं डोमेन असेल तर डीएनएसमधून खात्री पटवून लेट्स एन्क्रिप्टचं घ्या. त्यासाठी सर्व्हर बाहेर उघडा असावा लागत नाही. आमचा कल इकडेच.

दुसरी वाट म्हणजे स्वतःची छोटी प्रमाणन संस्था काढणं. मग तिचं रूट ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला शिकवावं लागतं. उबुंटूवर ती फाइल ‘यूएसआर लोकल शेअर सीए-सर्टिफिकेट्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवा. ‘एक सर्टिफिकेट जोडलं’ असं उत्तर यायला हवं. शून्य जोडली म्हणून आलं तर फाइलचं शेपूट बघा. ते ‘सीआरटी’च हवं, ‘पेम’ चालत नाही, जरी आतला मजकूर पेम पद्धतीचाच लागतो. या गंमतीवर आमच्या नव्या मुलाचा एक पूर्ण शनिवार गेला आहे. रेड हॅटवाल्यांनी ‘ईटीसी पीकेआय सीए-ट्रस्ट सोर्स अँकर्स’मध्ये फाइल ठेवून ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’ चालवायचं.

त्या रूटची किल्ली सर्व्हरवर ठेवू नका. पेन ड्राइव्हवर, कपाटात, सचिवांच्या ताब्यात. ती ज्याच्या हाती, तो तुमच्या ऑफिसातल्या मशीनना कुठल्याही साइटचं खोटं ओळखपत्र खरं म्हणून पटवू शकतो.

एखादं रूट यादीतून काढायचं असेल तर?

स्वतः टाकलेलं असेल तर फाइल पुसा आणि ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ला ‘फ्रेश’ जोडून चालवा. मोझिलाच्या यादीतलं असेल तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने खूण काढता येते, किंवा ‘ईटीसी’तल्या ‘सीए-सर्टिफिकेट्स डॉट कॉन्फ’मध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह लावून कमांड पुन्हा चालवा. फाइल सरळ पुसू नका, पुढच्या अपडेटला ती परत येऊन बसते.

सर्टबॉट आपोआप रिन्यू करतो ना? मग आम्ही काय बघायचं?

करतो. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा उठतो, एकतृतीयांश मुदत उरली, म्हणजे साधारण ३० दिवस, की नवं आणतो. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये तो दिसायला हवा. ‘सर्टबॉट रिन्यू’ला ‘ड्राय-रन’ जोडून रंगीत तालीम करता येते. ती त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर होते, तुमचं काही बदलत नाही.

पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची. ४ जून २०२५ पासून त्यांनी ती बंद केली. पुष्कळांना हे ठाऊकच नाही. मेल आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून बसतात. आता नजर तुमची तुम्हीच ठेवायची. आम्ही दुसऱ्या एका सर्व्हरवरून रोज सकाळी सगळ्या साइटची शेवटची तारीख वाचतो आणि २० दिवसांच्या आत आली की मोबाइलवर निरोप येतो. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे. तारीख बाहेरून वाचायची, डिस्कवरच्या फाइलमधून नाही. कारण पुढच्या प्रश्नात.

सर्टबॉट एपीटीमधूनही आणि स्नॅपमधूनही, असा दोनदा बसलेला असेल तर एक काढा. दोघे टायमर चालवतात आणि कोण काय करतंय ते कळेनासं होतं.

सर्टबॉट म्हणतो रिन्यू झालं, ब्राउझर म्हणतो संपलं. खरं कोण?

दोघंही खरं बोलतात. फाइल नवी आली, पण एनजिनएक्सने, म्हणजे साइट दाखवणाऱ्या वेब सर्व्हरने, जुनी सुरू होतानाच वाचून स्मरणात ठेवलेली असते. त्याला ‘रीलोड’ म्हणेपर्यंत तो जुनीच दाखवणार. सर्टबॉटचा एनजिनएक्स प्लगिन वापरत असाल तर रीलोड तोच करतो; ‘वेबरूट’ पद्धतीने घेतलं असेल तर कोणी करत नाही. ‘लेट्सएन्क्रिप्ट’च्या फोल्डरमध्ये ‘रिन्यूअल-हुक्स’, त्यात ‘डिप्लॉय’. तिथे रीलोडची एक छोटी स्क्रिप्ट ठेवून तिला चालवायची परवानगी द्या. ईमेलसाठी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट असतील तर त्यांनाही त्याच स्क्रिप्टमध्ये घ्या. त्यांना सगळे विसरतात.

लॅपटॉपवर साइट चालते, पण आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ‘सर्टिफिकेट अविश्वसनीय’ येतं?

एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये ‘सर्ट डॉट पेम’ लिहिलं आहे का बघा. तिथे ‘फुलचेन डॉट पेम’ हवं. पहिल्यात फक्त तुमचं सर्टिफिकेट असतं, दुसऱ्यात मधल्या संस्थेचंही. लॅपटॉपवरचा ब्राउझर मधला दुवा कुठूनतरी मिळवून वेळ निभावून नेतो, ॲप नेत नाही.

आणि सर्टबॉटचा ‘लाइव्ह’ फोल्डर फाइलझिलाने उचलून नव्या सर्व्हरवर टाकू नका. त्यातल्या फाइली खऱ्या नसून ‘आर्काइव्ह’कडे बोट दाखवणारे दुवे असतात. उचलले की दुव्याच्या साध्या फाइली होतात आणि सर्टबॉट ‘हा दुवा असायला हवा होता’ म्हणून बसून राहतो.

आमच्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड आहे. सर्टबॉट ‘कनेक्शन टाइमआउट’ म्हणतो.

लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन खात्री करतं. लोकल ब्रॉडबँडवर बहुधा एकच सार्वजनिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारा तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. एकतर स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर डीएनएसची पद्धत वापरा. तीत डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘अंडरस्कोर ॲक्मे-चॅलेंज’ नावाची नोंद टाकायची असते. तुमच्या डीएनएसवाल्याचा सर्टबॉट प्लगिन असला तर तेही आपोआप होतं. सगळ्या उपडोमेनना एकच, म्हणजे वाइल्डकार्ड सर्टिफिकेट हवं असेल तर मग दुसरा मार्गच नाही.

एक विनंती. अडलं म्हणून तीच कमांड पुन्हा पुन्हा मारू नका. एकाच नावासाठी तासात पाच वेळा खात्री फसली की काही वेळ दार बंद होतं, आणि हुबेहूब तेच सर्टिफिकेट आठवड्यात पाचदाच मिळतं. आधी ‘ड्राय-रन’, मग खरं.

‘सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही’ असं येतंय. कालच घेतलंय की!

घड्याळ बघा.

एका दवाखान्यात मे महिन्यात हे झालं. सर्व्हर मागच्या खोलीत, बाजूला कूलर, खोलीभर ओल्या वाळ्याचा वास आणि स्क्रीनवर दमटपणाचा पापुद्रा. दुपारी वीज गेली, यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली, वीज आल्यावर सर्व्हर उठला तो १ जानेवारी २०१९ ची तारीख घेऊन. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. लॅबचे रिपोर्ट बाहेर पाठवायला गेलं की सर्व्हरला प्रत्येकाचं सर्टिफिकेट ‘भविष्यातलं’ वाटायचं. इंटरनेटवरून वेळ घेता आली असती, पण फायरवॉलमध्ये १२३ क्रमांकाचं यूडीपी पोर्ट कुणीतरी बंद केलेलं होतं. पोर्ट उघडलं, वेळ लागली, रिपोर्ट गेले. सेल मेडिकलच्या दुकानात मिळाला. ग्लुकोमीटरमध्ये चालतो तोच, २०३२ नंबरचा.

सर्टिफिकेटवरची वेळ ग्रीनिचची असते हेही ध्यानात ठेवा. साडेपाच तास मिळवा. १४ तारखेला १८ वाजून ४० मिनिटं लिहिलं असेल तर आपल्याकडे १५ तारीख उजाडलेली असते.

डेव्हलपरने किल्लीची फाइल व्हॉट्सॲपवर मागितली, पाठवली. चालतं ना?

नाही चालत. ‘प्रिव्हकी’, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, सर्व्हरबाहेर गेली की फुटली असं धरायचं. चॅट डिलीट केलं तरी फाइल किती फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये उतरली ते कोण सांगणार? आधी ‘फोर्स-रिन्यूअल’ने नवं सर्टिफिकेट घ्या, सर्टबॉट किल्लीही नवी बनवतो, ‘रीयूज-की’ लावलेलं नसेल तर. रीलोड करा. मग ‘आर्काइव्ह’मधलं जुनं सर्टिफिकेट ‘की-कॉम्प्रमाइज’ कारण देऊन रद्द करा. रद्द करताना सर्टबॉट ‘फाइली पुसू का’ विचारतो, तिथे नाही म्हणा, नाहीतर नवीही जाते.

डेव्हलपरला किल्ली लागतच नाही, हे त्यालाही सांगून ठेवा.

आमच्याकडे टेंडरसाठी घेतलेलं डिजिटल सिग्नेचरचं टोकन आहे. तेच सर्व्हरला लावलं तर?

हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की हसू येत नाही आता. ते टोकन माणसाच्या सहीचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली ज्या प्रमाणन प्राधिकाऱ्यांना परवाना मिळालेला आहे, त्यांच्याकडून मिळतं. ई-टेंडर, जीएसटी, कंपनीचे कागद, यांवर सही करायला. साइटचं सर्टिफिकेट डोमेनच्या नावाचं असतं. आधार कार्ड दुकानाच्या पाटीवर चिकटवून भागत नाही, तसंच हे. टोकन सर्व्हरमध्ये खोचून ठेवू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा.

विकतचं घेतलं तर जास्त सुरक्षित?

कुलूप तेच, चावी तेवढीच मजबूत. विकतच्यात संस्थेचं नाव तपासून घालतात, आणि काही टेंडरच्या अटींत ते मागितलेलं असतं, तेव्हा घ्या. पूर्वी महागड्या प्रकाराला पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरवं दिसायचं. क्रोम आणि फायरफॉक्सने ते २०१९ मध्येच काढलं.

विकतचं एकदा घेतलं की वर्षभर बघायला नको, हा दिलासाही आता जातोय. ब्राउझर आणि प्रमाणन संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. आधी ही मर्यादा ३९८ होती. वर्षातून एकदा हाताने फाइल बदलणारे आमचे दोन ग्राहक अजून ‘बघू मग’ म्हणतात. ४७ दिवसांचं हाताने करून बघा म्हणावं.

सर्टिफिकेट घेतल्यावर काही तासांतच अनोळखी लोक टेस्ट साइटवर कसे आले?

प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक वहीत होते, तीवर नजर ठेवणारे बॉट असतात. ‘पगार-टेस्ट’सारखं उपडोमेन घेतलंत की नाव जगजाहीर. वाइल्डकार्ड घेतलं तर वहीत फक्त तारांकित नाव जातं. पण टेस्ट साइटला पासवर्ड नसणं, ही मूळ चूक.

एनजिनएक्स रीलोड करताना ‘स्टेपलिंग दुर्लक्षित केलं’ अशी वॉर्निंग येते. घाबरायचं का?

नाही. लेट्स एन्क्रिप्टने ऑगस्ट २०२५ मध्ये ओसीएसपी, म्हणजे सर्टिफिकेट रद्द झालंय का ते विचारायची सेवा, बंद केली, त्यामुळे सर्टिफिकेटमध्ये तो पत्ताच नसतो. सेटिंगमधल्या ‘एसएसएल स्टेपलिंग’च्या दोन ओळी काढून टाका, वॉर्निंग जाते.